रेश्मानंतर साधना

कैलास : पाणी पी आधी.

रेश्मा : नको मला.

कैलास : आत इंटरव्ह्यूला तर घटाघटा पिलीस. मीच आणलेला ग्लास. माझ्या हातातनं घेतलास आन् ‘थँक्यू’ म्हणलीस. बापाला थँक्यू. त्येबी मेलेल्या बापाला.

रेश्मा : पप्पा, हळू बोला. केबिनची खिडकी उघडी आहे.

कैलास : ऱ्हाऊ दे उघडी. सिक्युरिटीच्या केबिनमधलं ऐकायला कोन रिकामं हाय हितं?

रेश्मा : तुम्हाला इंग्लिश कळत नाही. तुम्हाला वाटतंय तसं मी काही…

कैलास : ‘फादर’ कळतं मला. ‘हार्ट ॲटॅक’बी कळतं. आन् त्या बाईनं छातीला हात लावून ‘सॉरी, सॉरी’ म्हणलं, त्ये तर बैलालाबी कळंल. कवा मेलो म्हणं मी? साल सांगितलंस ना तू त्यांना? कुठलं?

रेश्मा : ट्वेंटी ट्वेंटी-टू.

कैलास : मराठीत सांग.

रेश्मा : दोन हजार बावीस.

कैलास : बावीस साली साधनाचा बाप गेला. शंभू.

रेश्मा : माहीत आहे.

कैलास : ह्या खुर्चीत गेला. ड्यूटी सुटायला धा मिन्टं ऱ्हायली व्हती. मी त्येला टेम्पोत घातला, पिरंगुटच्या दवाखान्यापत्तोर त्येचं डोस्कं माझ्या मांडीवर व्हतं. आन् त्येचं मरान तू आज उचलून माझ्या नावावर टाकलंस. कंपनीच्या मानसांम्होरं.

रेश्मा : मी मुद्दाम नाही केलं, पप्पा. ते सगळं साधनाचं आहे. तिचं इंट्रोडक्शन.

कैलास : तिचं तुज्या तोंडात कसं आलं?

रेश्मा : स्पोकनच्या सरांनी वर्गात सगळ्यांना स्वतःबद्दल बोलायला लावलं होतं. साधना एक नंबर बोलली. तिनं आधी मराठीत लिहिलं, मग डिक्शनरी घेऊन एकेक शब्द बसवला. पंधरा दिवस तेच करत होती. सरांनी तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतलं आणि ग्रुपवर टाकलं, कंपनी आली की असं बोला म्हणून. बाकीच्यांनी त्यातली दोन-चार वाक्यं उचलली. मी सगळंच पाठ केलं.

कैलास : आन् बापाचं वाक्य बदलाया टाइम न्हाई घावला?

रेश्मा : बदललं होतं! कागदावर बदललं होतं. लाल पेनानं. ‘माय फादर इज वर्किंग इन सिक्युरिटी.’ बघा, अजून आहे पर्समध्ये. पण कानात तिचा आवाज होता ना. तीन आठवडे रोज ऐकत होते. भांडी घासताना, झोपताना. सकाळी तुमच्या गाडीवर मागं बसून, स्कार्फच्या आत इअरफोन घालून.

कैलास : माझ्या गाडीवर?

रेश्मा : हो.

कैलास : म्हंजी तीन आठवडं माझ्याच पाठीमागं बसून मला मारत व्हतीस. आन् मी म्हणतोय पोरगी अब्यास करतीया, खड्डं चुकवा.

रेश्मा : असं नका ना बोलू.

कैलास : मग कसं बोलू? तू शिकिव. तुला मोप येतंय.

रेश्मा : मला काहीच येत नाही, हेच तर कुणाला कळत नाही! आपल्या भरे गावात सगळ्यांना वाटतं कैलासची पोरगी इंग्लिश कॉलेजात हाय. तिथं खुर्चीत बसलं की माझे हात गार पडतात. जीभ टाळ्याला चिकटते. मग मी विचार करायचा सोडूनच देते. पाठ केलेलं सुरू करते आणि संपेपर्यंत थांबत नाही. मध्ये थांबलं की पुढचं सगळं जातं. मला ‘फादर’ म्हणताना कळलं होतं, आता चुकणार म्हणून. तुम्ही समोरच होतात, ट्रे घेऊन. तरी तोंड पुढं गेलं.

कैलास : मग चुकलं म्हणायचं.

रेश्मा : इंग्लिशमध्ये?

कैलास : ‘सॉरी’ येतं न्हवं?

रेश्मा : सॉरीच्या पुढं काय? सॉरी, माझा बाप जिवंत आहे, तो बघा तुमच्या मागं ग्लास घेऊन उभा आहे, हे जुळवायला मला अर्धा तास लागतो, पप्पा. तेवढ्यात त्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

कैलास : मला वाटलं लाज वाटली तुला. सकाळी म्हणालीस न्हवं का, आत वळख दावू नका. दिवसभर त्येच घोळत व्हतं डोक्यात. मग तू तसं बोललीस तवा म्हणलं, वळख नको म्हणून पोरीनं बापाला पार खपिवलाच.

रेश्मा : तुम्ही बघताय म्हटलं की मला जास्त भीती वाटते. म्हणून म्हणाले होते.

कैलास : येवढंच?

रेश्मा : …थोडी लाज पण वाटली. तुमची टोपी, ती शिट्टीची दोरी. सगळ्या मुलींना मॅडम विचारत होत्या, वडील काय करतात. खोटं कशाला बोलू.

कैलास : बरं झालं, एक तरी खरं बोललीस आज. तुला सांगू मी काय केलं? तू बोलत व्हतीस तवा मी ट्रे येका हातात धरला आन् दुसरा हात ह्या पाटीवर ठिवला, छातीवरच्या. के. पडळघरे लिवलंय. तुज्या कागदावर बी पडळघरे. म्हणलं कुणी वाचू नये. त्या बाईला वाटलं आसंल, सिक्युरिटीवाल्यालाबी भरून आलं.

रेश्मा : पप्पा.

कैलास : माझं जाऊ दे. मी जित्ता हाय, मला काय व्हतंय. तुज्या मागनं आत कोन गेलं, त्ये सांग.

रेश्मा : साधना. नावं तशीच आहेत ना यादीत. रेश्मानंतर साधना.

कैलास : बघितलंस तू तिला?

रेश्मा : नाही. मी बाहेर येऊन वॉशरूममध्ये गेले. काय झालं?

कैलास : पोरगी नीट बसली. हात मांडीवर. गुडाफ्टरनून म्हणली आन् सुरू झाली. मला इंग्लिश येत न्हाई, पर चाल वळखू आली. तुजीच चाल. तसंच थांबायचं, तसंच बोलायचं. ‘फादर’ आलं, ‘हार्ट ॲटॅक’ आलं, तसा त्या सायबानं बाईकडं बघितलं. बाई गालातल्या गालात हसली.

रेश्मा : हसल्या?

कैलास : व्हय. मघाशी डोळं पुसत व्हती तीच बाई. सायबानं हात असा वर केला, पुरं म्हणून. कायतरी इचारलं. पोरगी गप. फिरून इचारलं. गपच. नुसतं व्हट हालत व्हतं. मग बाईनं कागूद पालटला.

रेश्मा : त्यांना वाटलं साधनानं माझं चोरलं.

कैलास : वाटणारच. तू पयली गेलीस. पयल्याचं खरं.

रेश्मा : यादी लागली, पप्पा. तीन नावं आहेत. दुसरं माझं. उद्या दहा वाजता हिंजवडीला त्यांच्या ऑफिसात शेवटचा राऊंड आहे.

कैलास : आन् साधना?

रेश्मा : नाही.

कैलास : तिची आय कॅन्टीनला पोळ्या लाटती. शंभू गेला म्हणून दिलेलं काम. चारशे पोळ्या रोजच्या. पोरगी लागली की सोडीन म्हणत व्हती. ऊठ. जा वर. मान्सं अजून हायेत, चा चाललाय त्यांचा. सांग खरं काय त्ये.

रेश्मा : काय सांगू?

कैलास : माझा बाप जित्ता हाय आन् तिचा मेलाय. दोनच गोष्टी हायेत. आधी हितं म्हण, माझ्याम्होरं. म्हंजी तितं अडायचं न्हाई.

रेश्मा : मॅडम… मॅडम, आय वॉन्ट टू से…

कैलास : हां. चांगलं चाललंय.

रेश्मा : माय फादर इज…

कैलास : म्हण की.

रेश्मा : माय फादर इज नो मोअर.

कैलास : आगं!

रेश्मा : आपोआप येतं! ‘माय फादर इज’ म्हटलं की पुढचं तेच येतं. मी काय करू? तुम्ही ओरडू नका ना, ओरडलात की अजून येत नाही.

कैलास : मग मराठीत सांग. सायेब मराठीच हाय. जेवताना मीच वाढत व्हतो, ‘आमटी मस्त झालीये’ म्हणाला.

रेश्मा : मराठी आहेत ते?

कैलास : चांगला आपल्यावानी बोलतो.

रेश्मा : मग तुम्ही का नाही बोललात?

कैलास : कवा?

रेश्मा : साधनाला हसले तेव्हा. तुम्ही तिथंच होतात. मला इंग्लिश येत नाही म्हणून मी गप्प बसले. तुम्हाला तर मराठीत बोलायचं होतं. साहेब, हिचा बाप खरंच गेलाय. पाच शब्द आहेत, पप्पा. शंभूकाकांचं डोकं तुमच्या मांडीवर होतं ना?

कैलास : सिक्युरिटीनं हॉलमधी बोलायचं नसतं.

रेश्मा : नियम सांगू नका मला.

कैलास : नियमच हाय.

रेश्मा : पप्पा.

कैलास : …बोललो आसतो तर तुजं नाव कटलं आसतं. झालं समाधान? तोंडापत्तोर आलं व्हतं माझ्या. पर म्हणलं, आपली पोरगी बसली आसंल यादीत. गिळलं.

रेश्मा : मग मला कशाला ऊठ, जा म्हणताय?

कैलास : मला जमलं न्हाई म्हणून.

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो. कैलास टोपी घालून बाहेर जातो, गेट उघडतो, सलाम करतो. गाडी गेल्यावर परत येतो.)

रेश्मा : तेच होते ना गाडीत?

कैलास : व्हय. सायबानं काच खाली केली. ‘येतो हं काका’ म्हणाला. मराठीत.

रेश्मा : मग तुम्ही काय म्हणालात?

कैलास : ‘जय हिंद सर’ म्हणलो.

साधना : काका, येऊ का आत? पौडची एसटी गेली का हो?

कैलास : न्हाई, न्हाई. यायची हाय अजून. ये पोरी, बस.

साधना : उभीच बरी आहे. तू इथं आहेस होय? मी तुला लायब्ररीत शोधत होते. अभिनंदन, रेश्मा. यादी बघितली मी.

रेश्मा : साधना, तुझं…

साधना : माझं नाही झालं. जाऊ दे. आईला अजून सांगितलं नाही. ती कॅन्टीनच्या दारातून सारखी डोकावत होती, म्हणून मागच्या जिन्यानं आले.

कैलास : काय इचारलं गं त्यांनी तुला? मला कळलं न्हाई.

साधना : काय झालं तेच मला कळेना, काका. मी चांगली बोलत होते. भीती वाटत होती, पण बाबांचं वाक्य आलं की माझी भीती जाते, नेहमी जाते. त्याच वाक्याला ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. सर म्हणाले, वी हॅव हर्ड धिस. हे आम्ही ऐकलंय. कुठं ऐकलं असेल? मला वाटलं, आमच्या सरांनी त्यांना माझं रेकॉर्डिंग पाठवलं की काय.

रेश्मा : मग?

साधना : मग म्हणाले, हे पाठ केलेलं नको. वडलांची एखादी आठवण सांग. तुझ्या स्वतःच्या शब्दांत. मला किती बरं वाटलं माहितीये? म्हटलं, एवढंच ना! हे तर मला विचारायलाच पाहिजे कुणीतरी.

कैलास : कुठली सांगणार व्हतीस?

साधना : तुम्हाला माहितीये ती. एफवायला असताना मी समोर एसटीतून उतरायचे. या रस्त्याला डंपर किती असतात. बाबा गेटवरून मला बघायचे आणि रस्त्याच्या मधोमध येऊन शिट्टी वाजवायचे. दोनदा. डंपर, सरांच्या गाड्या, कंपनीच्या बसेस, सगळ्यांना थांबवायचे. आणि मी एकटी आरामात रस्ता ओलांडायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं तेव्हा. बाबा, सगळे बघतात म्हणायचे. ते म्हणायचे, बघू देत की.

कैलास : पिन्शिपलची गाडीबी थांबिवली व्हती येकदा. शिव्या खाल्ल्या व्हत्या शंभूनं.

साधना : चार महिने फक्त. नंतर नुसता रस्ताच उरला. तर तेच सांगणार होते. सगळी वाक्यं तयार होती डोक्यात. आणि शिट्टीला शब्दच येईना. शिट्टी, शिट्टी, शिट्टी. नुसतं मराठीतच फिरत होतं. ते परत म्हणाले, येस? मला वाटलं, आता हातानं करून दाखवावं. पण हात उचलेनात.

रेश्मा : व्हिसल.

साधना : हां! व्हिसल. बघ ना, किती सोपा. येत होता गं मला. तो आला असता तर पुढचं सगळं आलं असतं. एका शब्दापायी त्यांना वाटलं असणार, हिला आठवणच नाही, ही खोटं सांगतेय. आणि मी रडले पण नाही ना. रडले असते तर कदाचित खरं वाटलं असतं.

कैलास : रेश्मे.

रेश्मा : हो.

कैलास : बोल.

साधना : काय झालं? काका, तुम्ही असे का बसलात?

रेश्मा : साधना, मला तुला… मी आत…

साधना : काय गं?

रेश्मा : म्हणजे मी आधी गेले ना. तर तिथं मी…

कैलास : मराठीत बोलतीयास तू आता. मराठीत.

रेश्मा : येत नाही, पप्पा! थांबा जरा. येत नाहीये.

साधना : अगं हात किती गार पडलेत तुझे. बस खाली. सिलेक्ट झालीस तू, आता कसली भीती?

रेश्मा : मी तुझं म्हणाले. तुझं रेकॉर्डिंग. पूर्ण.

साधना : मग काय झालं? सरांनी टाकलंच होतं सगळ्यांसाठी. मीच म्हणाले होते, घ्या म्हणून.

रेश्मा : पूर्ण म्हणाले, साधना. माय फादर इज नो मोअर पण.

साधना : काका तर हे बसलेत.

रेश्मा : हो.

साधना : हार्ट ॲटॅक पण?

रेश्मा : हो.

साधना : आणि ते, ही ऑल्वेज टोल्ड मी, स्पीक विदाउट फिअर? ते पण?

रेश्मा : ते पण. थांबताच आलं नाही मला. तुझी शपथ. माझं तोंड माझं राहिलंच नव्हतं.

कैलास : त्येचा अर्थ काय, शेवटच्याचा?

साधना : न घाबरता बोल. बाबा म्हणायचे मला. रेश्मा, एक सांग. मॅडम काय म्हणाल्या तुला त्यावर?

रेश्मा : नको ना.

साधना : सांग. मला ऐकायचंय.

रेश्मा : सो सॉरी फॉर युअर लॉस म्हणाल्या. म्हणाल्या, तुझ्या वडलांना अभिमान वाटला असता. आणि पाणी मागवलं माझ्यासाठी.

साधना : हे मला म्हणायचं होतं त्यांनी. तीन वर्षांत कॉलेजमधलं कुणी मला असं म्हणालं नाही. आईला कॅन्टीनमध्ये लावलं आणि झालं. आज म्हणणार होत्या त्या. पाच मिनिटांनी म्हणणार होत्या.

रेश्मा : मी उद्या खरं सांगते. तिथं गेल्या गेल्या सांगते.

साधना : कुठल्या भाषेत?

रेश्मा : मग जातच नाही मी. नको मला ती नोकरी.

साधना : तू नाही गेलीस तर माझं नाव लागणार आहे का? माझ्या नावापुढं त्यांनी खोटारडी लिहिलंय. तू घरी बसलीस म्हणून ते पुसत नाही कुणी.

कैलास : साधना, पोरी, माझंबी चुकलं. मी तितंच हुबा व्हतो. मला…

साधना : माहितीये, काका. शब्द येईना तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते. म्हटलं, काका सांगतील.

कैलास : मी…

साधना : एसटी आली बघा.

कैलास : थांब. डंपर लई हायेत आता. मी येतो रस्त्यावर, गाड्या थांबिवतो.

साधना : नको. तुम्ही नका वाजवू. मी जाते माझी माझी.

रेश्मा : साधना, थांब ना. शिव्या दे मला. काहीतरी बोल.

साधना : उद्या तुला पण विचारतील, वडलांची एखादी आठवण सांग म्हणून. आज ऐकलंय त्यांनी, उद्या नक्की विचारतील.

रेश्मा : मी काही सांगणार नाही.

साधना : सांग. रस्त्याचं सांग. तुला तो शब्द येतो.